वाघ्याची कावीळ : महापुरानंतरच्या एका केसची पूर्ण नोंद

"डॉक्टर, इंजेक्शनं सगळी झाल्यात त्येची. दरवर्षी करतोय आमी."

९ ऑगस्ट २०२१, सोमवार. सकाळी दहाच्या सुमाराला आप्पांनी वाघ्याला छोट्या टेम्पोतून, पोत्यावर निजवून दवाखान्यात आणलं. मी विचारायला सुरुवात करताच त्यांनी पहिलं सांगितलं ते हे. आप्पा खोटं बोलत नव्हते. कुत्र्याला दरवर्षी न चुकता इंजेक्शन देणारा माणूस आहे तो. तरीही त्या वाक्यात एक मोठं भगदाड होतं, ते मला संध्याकाळी दिसलं, आणि ते पडू देण्यात माझाही वाटा होता. म्हणून ही केस सविस्तर लिहितो आहे. घरच्यांची संमती आहे. माणसांची नावं घातलेली नाहीत.

घर, गोठा आणि पाणी

आप्पांचं घर शुक्रवार पेठेत, नदीकडं उतरत जाणाऱ्या गल्लीत. खाली गोठा, वर राहतं घर. तीन म्हशी. गंगावेशीत म्हशी नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायची ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. घरात आप्पा, काकू, दोन मुलगे, थोरली सून. वाघ्या सहा वर्षांचा, गावठी, पण लांब पाय आणि ओढलेलं पोट बघून कुठंतरी कारवानी या शिकारी जातीचं रक्त असावं असं वाटायचं. वजन एरवी २३ किलो. शिवाय मनी, चार वर्षांची मांजर, जी गोठ्याची मालकीण असल्यासारखी पेंडीच्या पोत्यावर बसलेली असते.

जुलै २०२१ चा पूर कोल्हापुरात कुणी विसरलेलं नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. त्या वर्षी पाणी ५६ फुटांच्या घरात गेलं. २०१९ च्या अनुभवानं शहाणे झालेले लोक या वेळी लवकर हलले. आप्पांनीही म्हशी आदल्या दिवशीच कळंब्याच्या पाहुण्यांकडं पोहोचवल्या. वाघ्या म्हशींच्या मागोमाग गुडघाभर पाण्यातून चालत गेला. मनी काही हाताला लागली नाही. ती वरच्या माळ्यावर राहिली आणि शेजारच्या तरुण पोरांनी तिला दोनदा दूध-भाकरी पोहोचवली.

घरी परत आले ते ३० जुलैला. पुढचे चार-पाच दिवस नुसता गाळ. गोठ्यात वीतभर चिखल, भिजून कुजलेली सरकी पेंड, आणि उंदीर. पाण्यानं बिळं बुजल्यामुळं उंदीर-घुशी दिवसाढवळ्या फिरत होत्या. वाघ्यानं त्या दिवसांत किती उंदीर मारले त्याची गणती नाही, असं धाकटा मुलगा कौतुकानं सांगत होता. घरातली माणसं अनवाणी किंवा साध्या स्लिपरवर गाळ ओढत होती. वाघ्याचं पाण्याचं भांडं पुरात गेलं होतं, त्यामुळं तो अंगणातल्या डबक्यातलं पाणी पीत होता.

हे सगळं मी नंतर, खोदून खोदून विचारल्यावर कळलं. सुरुवातीला फक्त एवढंच सांगितलं गेलं : "जेवंना झालाय, उलट्या करतोय, आणि डोळं पिवळं दिसायलेत."

वाया गेलेले दिवस

वाघ्यानं ५ ऑगस्टला भाकरी सोडली. ६ तारखेला उलट्या सुरू झाल्या. गाळात काहीतरी खाल्लं असेल असं सगळ्यांना वाटलं, आणि तो अंदाज चुकीचा म्हणता येत नाही. पुरानंतर निम्म्या कुत्र्यांची पोटं बिघडलेलीच असतात. ७ तारखेला सुनेच्या लक्षात आलं की डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झालाय. कावीळ! मग जे माणसांसाठी करतात तेच केलं. काविळीचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून पुड्या आणल्या. तीन दिवसांचा कोर्स, पथ्य म्हणून फक्त ताक.

याबद्दल मी आप्पांना एक शब्दही रागानं बोललो नाही, आणि बोलायला नको असंच माझं मत आहे. आपल्याकडं कावीळ हा एक स्वतंत्र रोग समजला जातो. माणसांत विषाणूंमुळं होणारी कावीळ बऱ्याचदा आपोआप बरी होते, आणि श्रेय पुडीला मिळतं. "माणसाला लागू पडतंय, मग मुक्या जनावराला का नाही?" असं काकूंनी विचारलं, तेव्हा त्यांच्या विचारात तर्क होता. चूक गृहीतकात होती. कावीळ हे लक्षण आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटल्या तरी डोळे पिवळे होतात, यकृत सुजलं तरी होतात, पित्ताची वाट अडली तरी होतात. कुत्र्यात यामागं गोचिडांमुळं होणारा बबेसिया असू शकतो, एखादं विष असू शकतं, यकृताचा विषाणू असू शकतो किंवा लेप्टो हा जिवाणूंचा आजार असू शकतो. प्रत्येकाचा उपचार वेगळा. पिवळा रंग बघून औषध देणं म्हणजे धूर बघून कुठं काय जळतंय हे न पाहता पाणी मारणं.

त्या दोन दिवसांत वाघ्याच्या मूत्रपिंडांचं नुकसान चालू राहिलं. किती ते आकड्यांत पुढं दिसेल.

टेबलावर

वजन २१ किलो, म्हणजे आठवड्यात दोन किलो गेलेलं. ताप १०२ फॅरनहाइट. कुत्र्यात हे नॉर्मलच आहे. सुरुवातीचा ताप येऊन गेला असणार आणि आता शरीर थकलं होतं. हिरड्या, डोळे, कानाची आतली बाजू हळदीसारखी पिवळी. पोटाच्या पातळ कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. पाठ कमानीसारखी वर उचललेली, मागच्या पायांवर उभं राहायला नको म्हणत होता. कमरेच्या वर दोन्ही बाजूंनी हलकं दाबलं तर वाघ्या, जो आजवर माझ्यावर कधी गुरगुरला नव्हता, मान वळवून दात दाखवू लागला.

आणि कानात दोन गोचिडी.

इथं माझी स्वतःची चूक होता होता राहिली. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात पावसाळ्याच्या आगेमागे गोचीडतापाच्या केसेस इतक्या येतात की गोचीड दिसली की डॉक्टरचं मन तिथंच थांबतं. कातडीवर लाल ठिपके, कावीळ, जेवण बंद : सगळं गोचीडतापात किंवा बबेसियात बसतंय. त्या सकाळी बाहेर अकरा जण थांबलेले होते. एक इंजेक्शन देऊन, गोळ्या लिहून पाठवून देणं फार सोपं होतं.

थांबवलं ते त्या दुखऱ्या कमरेनं. गोचीडतापात कुत्रं मलूल असतं, पण मूत्रपिंडाच्या जागेवर हात लावू देत नाही असं सहसा होत नाही. म्हणून रक्त काढलं, काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. तांबड्या पेशींत बबेसिया दिसला नाही. शिवाय बबेसियानं एवढी कावीळ व्हायची तर पेशी इतक्या फुटाव्या लागतात की हिरड्या आधी पांढऱ्याफटक पडतात. वाघ्याच्या हिरड्या पिवळ्या होत्या, पण फिक्या नव्हत्या. रक्ताचं प्रमाण थोडंच कमी होतं. म्हणजे दुखणं यकृतात होतं.

दुपारी रिपोर्ट आले. बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य, ७.४; कुत्र्यात ते अर्ध्याच्या आत असायला हवं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून बाहेर टाकायचं टाकाऊ द्रव्य, ५.८; दीडच्या आसपास ठीक. प्लेटलेट ७८ हजार. दोन लाखांच्या वर पाहिजेत. पांढऱ्या पेशी वाढलेल्या. लघवी गडद, चहाच्या रंगाची, पण घनता मात्र पाण्याच्या जवळपास, म्हणजे मूत्रपिंडं लघवी घट्ट करू शकत नव्हती. आणि एक बारीक गोष्ट : लघवीत साखर सापडली, रक्तातली साखर मात्र नॉर्मल. मधुमेह नसताना लघवीत साखर उतरणं याचा अर्थ मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नळ्या जखमी झाल्यात, त्यांना साखर परत ओढून घेता येत नाही. यकृत आणि मूत्रपिंड एकाच वेळी, अचानक, तेही पुरानंतर आठ-दहा दिवसांत. माझ्या डोक्यात आता एकच नाव राहिलं.

लेप्टोस्पायरोसिस. मळसूत्रासारखे पीळदार जिवाणू. उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात ते राहतात, उंदराला फारसं काही होत नाही, पण त्याच्या लघवीतून ते बाहेर पडत राहतात. ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात ते आठवडेच्या आठवडे तग धरतात. ऊन आणि कोरडेपणा त्यांना सोसत नाही. कातडीवरच्या जखमेतून, भिजून मऊ पडलेल्या कातडीतून, तोंड-नाक-डोळ्यांच्या आतल्या ओल्या भागातून ते शरीरात शिरतात. पूर म्हणजे शहरातल्या सगळ्या बिळांचं पाणी एकत्र कालवून घरोघरी नेऊन सोडणं. वाघ्या त्याच पाण्यात फिरला, तेच प्याला, आणि उंदीर तोंडात धरून मारले.

प्रतिजैविकाचा पहिला थेंब देण्याआधी रक्त आणि लघवीचे नमुने वेगळे काढले आणि पीसीआर तपासणीसाठी पुण्याला पाठवले. हा क्रम महत्त्वाचा आहे. औषध सुरू झाल्यावर जिवाणू झपाट्यानं कमी होतात आणि तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. उपचार मात्र रिपोर्टसाठी एक तासही थांबवला नाही. तीन दिवसांनी उत्तर आलं : लघवीचा नमुना पॉझिटिव्ह.

चाळीस मिली

औषधांची मात्रा मी इथं मुद्दाम लिहीत नाही. पूर आला की लोक एकमेकांना औषधांच्या चिठ्ठ्या फॉरवर्ड करतात हे मी पाहिलंय. ढोबळ आखणी अशी : उलट्या थांबेपर्यंत शिरेतून अँपिसिलिन, उलटीचं आणि आम्लपित्ताचं इंजेक्शन, शिरेतून रिंगर लॅक्टेटचं सलाईन. लघवीच्या मार्गात नळी घालून पिशवी लावली, कारण पुढचा सगळा खेळ त्या पिशवीवर होता.

निरोगी मूत्रपिंड दर किलो वजनामागे तासाला साधारण १ ते २ मिली लघवी करतं. २१ किलोच्या वाघ्यानं सहा तासांत निदान सव्वाशे मिली करायला हवी होती. पिशवीत जमली ४० मिली.

अशा वेळी सलाईनचा वेग वाढवावा असं घरच्यांना वाटतं, नवख्या डॉक्टरलाही वाटतं. पण बंद पडत चाललेल्या मूत्रपिंडाला पाणी ओतत राहिलं तर ते पाणी फुफ्फुसात साठतं. आधी शरीरातली पाण्याची तूट भरून काढली, मग जेवढं बाहेर येतंय त्याच्या हिशोबानंच आत सोडलं, दर दोन तासांनी वजन केलं, छातीचा आवाज ऐकला, लघवी वाढवणारं इंजेक्शन दिलं. डायलिसिसची सोय माझ्याकडं नाही. आप्पांना मी स्पष्ट सांगितलं, उद्या रात्रीपर्यंत लघवी सुटली नाही तर माझ्या हातात फार काही उरणार नाही. ते दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले. रात्री साडेअकराला काकूंनी डब्यातून भाकरी-पिठलं पाठवलं, ते त्यांनी माझ्यासमोर ठेवलं, स्वतः खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रिएटिनिन ६.९. म्हणजे आणखी वर. तो दिवस फार वाईट गेला.

१० तारखेच्या मध्यरात्रीनंतर पिशवी भरायला लागली. आधी थेंब थेंब, मग पहाटेपर्यंत तीनशे मिली. सकाळी साडेसहाला आप्पांनी पिशवी बघितली आणि दोन्ही हात जोडले. मी त्यांना सांगत होतो की अजून धोका टळलेला नाही, आणि माझाच आवाज नीट येत नव्हता.

पुढचे दिवस उलटे. मूत्रपिंडं बरी होताना आधी वाहतात. वाघ्या दिवसाला दीड लिटर लघवी करायला लागला, तेवढंच पाणी परत द्यावं लागलं, पोटॅशियम खाली जाऊ नये म्हणून लक्ष ठेवावं लागलं. चौथ्या दिवशी क्रिएटिनिन ४.१, सातव्या दिवशी २.२. पाचव्या दिवशी त्यानं पातळ भात खाल्ला. आठव्या दिवशी घरी गेला, डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांसह, पूर्ण दोन आठवड्यांसाठी.

"बरा दिसतोय की, मग दोन आठवडे कशाला?" हा प्रश्न येणारच होता. प्रतिजैविक सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत लघवीतून जिवाणू पडणं सहसा थांबतं आणि कुत्रं तरतरीत होतं, पण मूत्रपिंडात दडून बसलेले जिवाणू काढायला डॉक्सिसायक्लिनचा पूर्ण कोर्स लागतो. अर्धवट सोडलं तर दिसायला बरा झालेला कुत्रा महिनोन्महिने लघवीतून रोग पसरवत राहू शकतो. दुसरी सूचना दूधवाल्यांच्या घरात जड गेली : गोळी दुधातून द्यायची नाही. दुधातल्या कॅल्शियममुळं हे औषध कमी शोषलं जातं. आमच्याकडं जनावराला कुठलंही औषध द्यायचं म्हणजे दुधात कालवून, ही इतकी जुनी सवय आहे की मी ते चिठ्ठीवर लाल शाईनं लिहिलं. भाकरीच्या तुकड्यात गोळी आणि वरून पाणी, असं ठरलं.

घरात ताप

१० तारखेला, वाघ्याची लघवी सुटायच्या आधीच्या त्या वाईट दिवशी, मी आप्पांना सहज विचारलं, घरी सगळे बरे आहेत ना? धाकट्याला सकाळपासून ताप होता. अंग ठणकत होतं, पोटऱ्यांत गोळे येत होते, डोळे लाल. करोनाचा काळ, दुसऱ्या लाटेनं कोल्हापूर नुकतंच हादरलेलं. घरात सगळ्यांना वाटलं, करोनाच. त्याची चाचणी करायला ते निघालेच होते.

मी सांगितलं, चाचणी जरूर करा, पण डॉक्टरांना दोन वाक्यं सांगायला विसरू नका : आम्ही पुराचा गाळ उपसलाय, आणि आमच्या कुत्र्याला लेप्टोची दाट शंका आहे. ती वाक्यं मी कागदावर लिहूनच दिली, खाली सही आणि फोन नंबर घालून. चाचणी निगेटिव्ह आली. त्या चिठ्ठीमुळं डॉक्टरांनी लगेच लेप्टोची तपासणी लावली आणि त्याच संध्याकाळी उपचार सुरू केले. गाळ ओढताना पत्रा लागून त्याच्या पायाला झालेली जखम आठवड्यापासून चिघळत होती. तो पाच दिवसांत बरा झाला.

पशुवैद्य आणि माणसांचा डॉक्टर यांच्यात आपल्याकडं सहसा संवाद नसतो. एका घरात एकाच आठवड्यात कुत्रं आणि मुलगा आजारी पडतात, आणि दोन दवाखान्यांत दोन वेगळे कागद तयार होतात, एकमेकांना न बघितलेले. त्या चिठ्ठीला मला पाच मिनिटं लागली. पुरानंतरच्या दिवसांत ती प्रत्येक संशयित केसमध्ये लिहायची असं मी तेव्हापासून ठरवलं आणि पाळतोय.

मग गल्लीत बोलणं सुरू झालं. "कुत्र्यापायी पोरगं आजारी पडलं. बरं झालं तरी घरात घेऊ नका, सोडून या तिकडं शिये फाट्याला." हे मला थोरल्या मुलानं येऊन सांगितलं, तेव्हा तो स्वतःच डळमळीत होता. मी त्याला तारखा मांडून दाखवल्या. घरी परतले ३० जुलैला. वाघ्या आजारी ५ ऑगस्टला, धाकटा १० ला. कुत्र्यात हा रोग साधारण आठवडाभरात दिसतो, माणसात पाच दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत, कधी जास्तही. दोघंही एकाच गाळात, एकाच दिवसांत उभे होते. एकाला लवकर लक्षणं आली, एकाला उशिरा. वाघ्याकडून मुलाला लागण झाली असं म्हणायला आधार नव्हता, उलट वाघ्या आधी आजारी पडला म्हणून मुलाचं निदान पहिल्याच दिवशी झालं. आजारी कुत्र्याच्या लघवीतून माणसाला हा रोग होऊ शकतो, हे खरंच आहे, आणि ते मी लपवलं नाही. पण त्यावरचा इलाज हातमोजे, ब्लीच आणि औषधाचा पूर्ण कोर्स हा आहे. पाळलेलं जनावर रस्त्यावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, आणि रोग पसरवायचाच असेल तर उपचार अर्धवट सोडून कुत्रं दुसऱ्या गावात नेऊन सोडण्यापेक्षा सोपी युक्ती नाही.

थोरल्यानं ते सगळं ऐकलं आणि जाऊन गल्लीत सांगितलं. मला वाटतं, सगळ्या केसमधलं सर्वांत अवघड काम त्यानं केलं.

घरी काय करायचं ते असं ठरलं : वाघ्यानं लघवी केली की हातमोजे घालून त्या जागी एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी, दहा मिनिटं ठेवून मग धुवायचं. गोठ्याची फरशी ब्लीचिंग पावडरनं धुऊन दारं उघडी ठेवून वाळवायची. वाळवणं हे धुण्याइतकंच महत्त्वाचं. म्हशींसाठी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावलं, कारण एक म्हैस सात महिन्यांची गाभण होती आणि लेप्टोनं म्हशी गाभडू शकतात. तिला काही झालं नाही.

मनीचं काय

काकूंचा फोन आला : "वाघ्याच्या गोळ्यातली निम्मी मनीला देऊ का? तिला पण व्हायला नको." त्यांनी आधी विचारलं हे फार बरं झालं.

मांजरांना लेप्टोचा संसर्ग होतो, पण त्या आजारी क्वचितच पडतात. मनी पूर्ण ठणठणीत होती, तिला औषधाची गरज नव्हती. आणि डॉक्सिसायक्लिनची कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथं जखम होते, नंतर नलिका आक्रसून मांजराला गिळताच येत नाही. मांजराला ही गोळी द्यायचीच वेळ आली तर मागोमाग पाणी किंवा पातळ अन्न पोटात गेलंच पाहिजे.

मी काकूंना आणखी एक विचारलं, धाकट्याच्या तापाच्या गोळ्या कुठं ठेवल्यात? खिडकीत, उघड्यावर. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. ते निकामी करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. रक्त चॉकलेटी पडतं, प्राणवायू वाहून नेता येत नाही. माणसाची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. कुत्र्यालाही ती आपल्या मनानं द्यायची नाही. तापाच्या घरात मांजर मलूल दिसलं की प्रेमापोटी पाव गोळी देणारे लोक मी पाहिलेत. गोळ्या कपाटात गेल्या.

उंदरांसाठी विष ठेवायचा विचार घरात चालला होता, तोही रद्द केला. विष खाल्लेला अर्धमेला उंदीर वाघ्या आणि मनीच्याच तोंडात जाणार. त्याऐवजी पिंजरे आणि सरकी पेंडीसाठी झाकणाचे पत्र्याचे डबे. पेंड उघड्या पोत्यात राहिली की उंदरांना आमंत्रणच.

"सगळी इंजेक्शनं"

आता त्या पहिल्या वाक्याकडं. वाघ्याचं कार्ड पुरात भिजून गेलं होतं. ९ तारखेला संध्याकाळी मी माझीच जुनी रजिस्टरं काढली.

२०१५ मध्ये पिल्लू असताना वाघ्याला मी दोन डोस दिले होते, डिस्टेंपर, पार्वो, यकृताचा विषाणू आणि लेप्टो असलेली एकत्र लस. शिवाय रेबीजची. २०१६ मध्ये त्या एकत्र लसीचा एक बूस्टर. त्यानंतर दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटी रेबीज दिनाच्या शिबिरात एक इंजेक्शन, नियमित, पाच वर्षं. ते सगळे रेबीजचे. आप्पांच्या हिशोबानं वर्षाचं इंजेक्शन झालेलं होतं. लेप्टोच्या लसीचं संरक्षण साधारण वर्षभरच टिकतं. म्हणजे पूर आला तेव्हा वाघ्याला चार वर्षं कुठलंच कवच नव्हतं.

आणि रजिस्टरमध्ये माझ्या अक्षरात, "पुढची तारीख" या रकान्यात, दरवर्षी फक्त रेबीज लिहिलेलं. शिबिरात दीडशे कुत्री असतात, रांग असते, घाई असते. मी एकदाही म्हटलं नाही की आप्पा, दुसरी लस राहिलीय. ते मी आप्पांना त्याच रात्री सांगितलं. ते म्हणाले, "असू दे डॉक्टर, आता कळलं की." मला ते सोपं गेलं नाही.

रेबीजची लस सगळ्यांत आधी, यात दुमत नाही; तो रोग झाला की उपाय नाही. पण ती फक्त रेबीजसाठी आहे. लेप्टोची लसही परिपूर्ण नाही. या जिवाणूचे अनेक प्रकार आहेत आणि लसीत त्यातले ठरावीकच असतात. तरी दरवर्षी पाणी चढणाऱ्या गावात ती ऐच्छिक म्हणून सोडून देणं मला आता पटत नाही. खंड पडला असेल तर पुन्हा दोन डोस, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, मग दरवर्षी एक. दुसऱ्या डोसनंतर प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोनेक आठवडे, म्हणजे सगळं मेअखेर उरकलेलं हवं. लोकांच्या लक्षात राहावं म्हणून मी एक सोपा हिशोब सांगतो : जोतिबाच्या चैत्र यात्रेला पहिला डोस, बुद्ध पौर्णिमेला दुसरा. पौर्णिमा ते पौर्णिमा चार आठवडे आपोआप होतात, आणि मृगाचा पाऊस यायच्या आत कुत्रं तयार.

माझ्या दवाखान्यातल्या कार्डावर आता दोन वेगळ्या ओळी आहेत, रेबीजची आणि एकत्र लसीची, प्रत्येकीला स्वतःची पुढची तारीख. शिबिरातही तेच कार्ड.

नंतर

महिन्यानं वाघ्याचं क्रिएटिनिन १.७ वर आलं आणि तिथंच राहिलं. मूत्रपिंडाचा काही भाग कायमचा गेला, असा त्याचा अर्थ. तो पूर्वीपेक्षा जास्त पाणी पितो, रात्री एकदा बाहेर सोडावं लागतं, दर सहा महिन्यांनी रक्त आणि लघवी तपासतो. वजन परत २३ वर आलं. एप्रिल २०२२ मध्ये, यात्रेचा गुलाल अजून गाडीच्या काचेवर असताना, आप्पा त्याला पहिल्या डोससाठी घेऊन आले.

जुलै २०२४ मध्ये पंचगंगेनं पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली. म्हशी कळंब्याला हलवताना आप्पा वाटेत दवाखान्यापाशी थांबले. वाघ्या या वेळी टेम्पोत, म्हशींच्या पायांपासून लांब, फळी लावून केलेल्या कोपऱ्यात. मनी भाजीच्या क्रेटमध्ये, वर जाळी बांधलेली. शर्टाच्या खिशातून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं, दोन्ही ओळींवर बोट ठेवून दाखवलं, आणि विचारलं की डबक्यातलं पाणी पिऊ नये म्हणून प्यायच्या पाण्याचा कॅन सोबत घेतलाय, एवढं पुरेल ना.